तीन वर्षांची गाडी आणि निर्लेखनाची फाईल

बंगळूर शहराच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल हा तालुका आहे. निवृत्तीनंतर वर्षातील काही महिने माझा मुक्काम येथे मुलीकडे असतो. होसूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग अत्तिबेले येथे कर्नाटकात प्रवेश करतो. संध्याकाळी नातवाला घेऊन त्या बाजूला गेलो की नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेले लांबलचक ट्रक दिसतात. नातू त्यातील प्रत्येक गाडीचे कुलगोत्र सांगतो. ही सेडान, ती हॅचबॅक, पलीकडची एसयूव्ही. मी आयुष्यभर तलाठी, मंडल अधिकारी आणि तहसीलदार अशी उतरंड पाठ केली, त्याने ही केली आहे.

मागे त्याच्या वाढदिवसाला कोणीतरी तळहातावर मावेल अशी धातूची एक खेळण्यातली मोटार दिली. तिच्या पोटाखाली नाव कोरलेले होते : शेवरोले नोमॅड. गाडी बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्यावर त्याने विचारले, "आजोबा, ही सेडान नाही, एसयूव्ही पण नाही. मग ही कोण?"

मी म्हणालो, "ही स्टेशन वॅगन."

"मग ती आपल्याकडे का दिसत नाही?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना मात्र मला मोटारीच्या इतिहासापेक्षा प्रशासनाच्या इतिहासातच अधिक हिंडावे लागले. परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना ही हकीकत विशेष जवळची वाटेल, कारण तिचे धागे सोलापूर, मुंबई, बंगळूर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट अशा चार गावांत गुंतलेले आहेत.

स्थानकावरची गाडी

स्टेशन वॅगन हे नाव रेल्वे स्थानकावरून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उतारू आणि त्यांच्या ट्रंका स्थानकावरून घरी किंवा हॉटेलात पोहोचवण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी टप बसवत. पुढे माणसे, मागे सामान, आणि दोहोंवर एकच सलग छप्पर, अशी ही रचना होती. आपल्याकडील छकड्याचेच ते यंत्रयुगातील रूप म्हणावे लागेल. १९२९ मध्ये फोर्ड कंपनीने ही गाडी मोठ्या प्रमाणावर बांधण्यास सुरुवात केली. तरीही तिचा टप लाकडीच होता. त्याला नियमितपणे व्हार्निश लावावे लागे, सांधे कुरकुरत आणि पावसाळ्यात लाकूड फुगे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र बदलले. १९४६ मध्ये जीपच्या विलिज कंपनीने संपूर्ण पोलादी टपाची स्टेशन वॅगन बाजारात आणली. तिचा आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स यांचा होता. मोटारींचे टप बनवणारे मोठे कारखाने तेव्हा बड्या कंपन्यांनी अडवून ठेवले होते, म्हणून विलिजने घरगुती उपकरणांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्याकडून काम करून घेतले. तेथील यंत्रांना पत्रा फार खोलवर वाकवता येत नसे. त्यामुळे गाडी चौकोनी, सपाट आणि काहीशी कपाटासारखी झाली. तिला लाकडाचा भास देणारा रंग दिला, तेवढीच काय ती हौस. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ विभागाने 'सबर्बन' नावाची पोलादी वॅगन आणली आणि ती चांगली खपली. पुढच्या चार-पाच वर्षांत खऱ्या लाकडाचे टप जवळजवळ नाहीसे झाले. उपनगरांत नवी घरे उभी राहत होती, कुटुंबे मोठी होती आणि आठवड्याचा बाजार एकदम भरण्याची रीत पडली होती. वॅगन हे त्या संसाराचे वाहन ठरले.

नातवाच्या हातातील नोमॅड या वंशातील सर्वांत देखणी कन्या. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे प्रदर्शन भरले. तेथे कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या तोंडवळ्याची एक वॅगन ठेवली होती. लोकांना ती इतकी आवडली की तिचे छप्पर त्याच ढंगाने शेवरोलेच्या नेहमीच्या मोटारीवर बसवायचे ठरले आणि १९५५ साली नोमॅड विक्रीला आली. छपरावर आडव्या पन्हळी, मागे झुकलेले खांब, मागच्या दारावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या, आणि बाजूला दोनच दारे.

नेमके येथेच घोडे अडले. वॅगन घेणारा गृहस्थ मुलाबाळांचा धनी. त्याला चार दारे हवी होती. शेवरोलेच्या सर्व वॅगनींत नोमॅडची किंमत सर्वांत जास्त, आणि मागच्या तिरक्या दारातून पाणी गळते अशी तक्रार. तीन वर्षांत बावीस-तेवीस हजार गाड्या निघाल्या. अमेरिकेच्या हिशेबात ही संख्या नगण्यच. १९५७ नंतर तो आराखडा बंद झाला. १९५८ मध्ये नोमॅड हे नाव चार दारांच्या एका साध्या वॅगनला देण्यात आले. नोमॅड म्हणजे भटक्या. या भटक्याला घर मिळाले नाही, ते दुसऱ्या कोणाला मिळाले. आज जुन्या मोटारींचे शौकीन तिच्यासाठी मोठी रक्कम मोजतात, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी शिवडीत

जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला या गाडीभोवती गर्दी जमली होती, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीने मुंबईतील आपला कारखाना बंद केला. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारी आणि ट्रक जोडण्याचे काम चालवले होते. खोक्यांतून सुटे भाग येत आणि येथील कामगार त्यांची गाडी उभी करत. ट्रकचे आणि बसचे टपही येथेच बांधले जात. फोर्डचाही असाच कारभार होता आणि त्यानेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. तेव्हा नोमॅड भारतात का जोडली गेली नाही, याचे एका ओळीचे उत्तर असे, की ती जन्मली त्या वर्षी तिचे येथील सूतिकागृह बंद झाले होते.

कारखाना का बंद झाला, हे समजण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते, आणि बंगळूरला यावे लागते.

म्हैसूर संस्थानचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात भारतात मोटारीचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. जोडणीचा नव्हे, संपूर्ण उत्पादनाचा. वयाची सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून आले आणि त्यांनी तपशीलवार योजना मांडली. अशा योजनेला पैसा उभा करणारा आणि धोका पत्करणारा माणूस हवा होता. तो सोलापूरच्या मातीतून आला. वालचंद हिराचंद यांनी सिंदिया जहाज कंपनीच्या निमित्ताने ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झुंज दिली होती, साखर आणि बांधकामाच्या धंद्यांत पाय रोवले होते, आणि सरकारशी भांडून पुन्हा सरकारशीच वाटाघाटी करण्याची कला त्यांना अवगत होती. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ १९३७ पासून सत्तेवर होते. या योजनेकडे त्याने सहानुभूतीने पाहिले. परंतु १९३९च्या अखेरीस, युद्ध सुरू झाल्यावर, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतिक सरकारचा आधार गेला.

मग योजनेचे तोंड म्हैसूर संस्थानाकडे वळले. दिवाण सर मिर्झा इस्माईल अनुकूल होते. वालचंदांनी १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार केला. भांडवल, जमीन, तंत्र आणि इच्छा या चारही गोष्टी जमल्या. उरली ती पाचवी : दिल्लीची अनुमती. यंत्रसामग्रीसाठी डॉलर आणि जहाजांत जागा लागणार होती, आणि दोन्ही भारत सरकारच्या हाती होते. मोटारीचा कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. फाईल थांबली. १९४१ मध्ये मिर्झा इस्माईल दिवाणपदावरून गेले. बंगळूरचा मोटार कारखाना कागदावरच राहिला.

याच काळात, याच शहरात आणि याच वालचंदांच्या पुढाकाराने दुसरा कारखाना मात्र झपाट्याने उभा राहिला. विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली होती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. म्हैसूर सरकारने जमीन आणि भांडवल दिले, भारत सरकार १९४१ मध्ये भागीदार झाले आणि १९४२ मध्ये त्याने कारभार हाती घेतला. हेच आजचे एचएएल. म्हणजे ज्या शहरात विमान बांधण्याची परवानगी मिळाली, त्या शहरात मोटार बांधण्याची मिळाली नाही. विमान युद्धाच्या रकान्यात बसले, मोटार बसली नाही. माणसे तीच, गाव तेच, वर्षही जवळजवळ तेच. फरक फक्त रकान्याचा. प्रशासनात वावरलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. खेद मात्र वाटतो.

वालचंदांनी हार मानली नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना बांधला आणि १९४७ मध्ये तेथून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डीसोटो ही नावे मुंबईकरांच्या तोंडी रुळली. यांतील अनेक गाड्या पुढे टॅक्सी झाल्या, आणि काळ्या-पिवळ्या रंगातील त्या ऐसपैस अमेरिकन मोटारी साठीच्या दशकात मुंबई पाहिलेल्या पिढीला आजही आठवतात. संपूर्ण कुटुंब, वळकटीसह, एका टॅक्सीत मावत असे.

आयोगाचा निर्णय

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला. पूर्वी भारतात मोटार बनवू द्यायची की नाही हा प्रश्न होता. आता मोटार येथेच बनली पाहिजे हे ठरले होते, आणि ती कोणी बनवावी एवढेच ठरवायचे होते. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये जकात आयोगाने मोटार उद्योगावर अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. देशातील मागणी थोडी आहे आणि ती अनेक कंपन्यांत, अनेक नमुन्यांत विखुरली आहे. अशा स्थितीत कोणालाही इंजिन किंवा गिअर येथे बनवणे परवडणार नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने सर्व भाग भारतात बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच राहू द्यावे आणि नुसती जोडणी करणाऱ्यांनी आपले काम थांबवावे. सरकारने ते मान्य केले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी उत्पादनात भांडवल घालण्याऐवजी निघून जाणे पसंत केले.

वालचंदांनी ज्या गोष्टीसाठी आयुष्याची पंधरा-वीस वर्षे घातली, ती गोष्ट या निर्णयाने धोरण म्हणून मान्य झाली. ते पाहण्यास ते फार काळ राहिले नाहीत. एप्रिल १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आयोगाचा तर्क चुकीचा होता असे मला वाटत नाही. एसटीचे उदाहरण पाहा. १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर ही पहिली गाडी सुटली. आरंभीच्या त्या काळात ताफ्यात बेडफर्ड, शेवरोले, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड, कॉमर, मॉरिस अशा कितीतरी कंपन्यांच्या बसगाड्या होत्या. ज्याने कधी भांडारपालाचे काम पाहिले आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. प्रत्येक कंपनीचा नट वेगळा, प्रत्येकाचा बेअरिंगचा आकार वेगळा, आणि एका भागासाठी गाडी महिनाभर उभी. थोड्या कंपन्या, थोडे नमुने आणि देशातच मिळणारे सुटे भाग, ही गरज खरी होती. आज पुणे, चेन्नई आणि होसूर या पट्ट्यांत सुट्या भागांचे जे हजारो कारखाने दिसतात, त्यांचे मूळ या निर्णयात आहे. आनेकल तालुक्यातील जिगणी आणि बोम्मसंद्र या औद्योगिक वसाहतींत फिरतानाही मला त्याची आठवण होते.

परंतु निर्णयात एक उणीव राहिली. मोटार कोण बनवतो, याचा विचार बारकाईने झाला. मोटारीने कोणते काम करायचे, याचा झाला नाही. पुढील तीस वर्षे देशात मुख्यतः तीनच घराण्यांच्या मोटारी राहिल्या : हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. सरकारी कामासाठी यांच्या जोडीला महिंद्रची जीप होती. साहेबांनी अॅम्बेसेडरमध्ये बसावे, क्षेत्रावर जीपने जावे, आणि उरलेली कामे ट्रकने करावी, अशी विभागणी झाली. सात-आठ माणसे आणि त्यांचे सामान, किंवा आडवे निजलेले एक माणूस, यांना एकाच छपराखाली नेणारे मधले वाहन या यादीत नव्हते म्हटले तरी चालेल. कुटुंबे आपल्याकडे अमेरिकेपेक्षा लहान नव्हती. गरज होती. रकाना नव्हता.

आवारातील वॅगन

आता थोडे स्वतःविषयी. सत्तरच्या दशकात, परिविक्षाधीन अधिकारी म्हणून मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात रुजू झालो. एका कार्यालयाच्या मागील आवारात, चिंचेखाली, एक राखी रंगाची विलिज स्टेशन वॅगन उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम. पन्नाशीच्या दशकात परदेशी मदतीचा जो ओघ आला, त्यात ती आली होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, पाठोपाठ हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम आली, आणि या कामांसाठी अमेरिकेकडून आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडून वाहने मिळत असत. जीप सर्वांत जास्त, पण अधूनमधून एखादी वॅगनही.

जीपचे सुटे भाग मुंबईत मिळत, कारण महिंद्र कंपनी स्वातंत्र्यानंतर लगेच माझगावला जीप जोडू लागली होती आणि पुढे तिचे भाग येथेच बनू लागले. पण या वॅगनचे इंजिन जीपचे नव्हते, सहा सिलिंडरचे होते. त्याचा एक भाग मोडला. तो मागवायचा तर आयात परवाना हवा, परकीय चलन हवे, आणि त्यासाठी चार कार्यालयांची शिफारस हवी. एका वाहनासाठी एवढा खटाटोप कोण करणार? गाडी उभी राहिली.

वाहन निकामी झाले की त्याचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे जडसंग्रह नोंदवहीतून त्याचे नाव कमी करून त्याचा लिलाव करायचा. विहित नमुन्यात मूळ खरेदी किंमत, खरेदीचा दिनांक, झालेले किलोमीटर, दुरुस्तीचा एकूण खर्च असे रकाने असतात. ही गाडी देणगीची. तिला खरेदी किंमतच नव्हती. प्रस्ताव वर गेला की 'किंमत नमूद नाही' या शेऱ्यासह परत येई. असे काही वर्षे चालले होते. फाईल माझ्यासमोर आली तेव्हा मीही नवशिक्याच्या उत्साहाने नियमपुस्तिका उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'मूळ किंमत नमूद करून फेरसादर करावे.' शेरा बिनचूक होता. वरिष्ठांनी माझ्या काटेकोरपणाचे कौतुकही केले.

त्या गाडीचा जुना चालक तेव्हा निवृत्तीला आला होता. सारे कार्यालय त्याला मामा म्हणत असे. एके दिवशी दौऱ्यावर जाताना जीपमध्ये तो सहज बोलून गेला, "साहेब, त्या वॅगनमध्ये बाळंतीण आडवी नेता येत होती. हिच्यात बसवून न्यावी लागते."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. रस्ता कसा होता आणि तालुक्याचा दवाखाना किती लांब होता, हे मला ठाऊक होते. निर्लेखनाच्या नमुन्यात पंधरा-सोळा रकाने असतील. हे वाहन बंद झाल्याने कोणते काम थांबले आणि ते आता कसे केले जाते, असा रकाना त्यात नव्हता. असता, तर फाईल किंमत शोधत फिरली नसती, इंजिनाचा भाग शोधत फिरली असती. कदाचित जीपचे इंजिन त्या टपात बसवण्याचा विचारही कोणाला सुचला असता. विलिजच्या पहिल्या वॅगनींत तेच चार सिलिंडरचे इंजिन होते, हे मला कितीतरी वर्षांनी वाचनात आढळले.

माझी बदली झाली. पुढे कळले की गाडी अखेर वजनावर भंगारात गेली.

वॅगन परत आली, निराळ्या नावांनी

मोटार उद्योगावरील बंधने सैल होऊ लागली तेव्हा या प्रकारची पहिली ठळक पावले पुण्यातून पडली, ही मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. टेल्कोने १९९१ मध्ये टाटा सिएरा आणली आणि १९९२ मध्ये टाटा इस्टेट. इस्टेट ही शब्दशः स्टेशन वॅगन होती. सिएरा दिसायला देखणी, मागे मोठ्या वळणदार काचा, पण बाजूला दारे दोनच, आणि किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर. नोमॅडची कथा जणू पुन्हा घडली. इस्टेट दहा वर्षेही टिकली नाही. सिएरा तिच्यानंतर थोड्याच वर्षांत थांबली. आणि योगायोग असा, की २०२५ मध्ये सिएरा हे नाव परत आले ते चार बाजूदारांच्या नव्या गाडीवर. १९५८ मध्ये नोमॅडच्या नावाचे जे झाले, त्याचीच ही आवृत्ती.

टिकली ती १९९४ची टाटा सुमो. सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे तिने धारण केली होती. ती देखणी नव्हती. विलिजच्या त्या पहिल्या पोलादी वॅगनसारखीच चौकोनी होती, पण दहा माणसे आणि टपावर त्यांचे सामान घेऊन घाट चढत असे. ती २०१९ पर्यंत चालली. बंगळूरजवळ म्हैसूर रस्त्यावर बिडदी येथे टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या संयुक्त कारखान्यातून २००० साली क्वालिस निघाली. इलेक्ट्रॉनिक सिटीत रात्रपाळी करणाऱ्या एका पिढीने अर्धी झोप तिच्यातच घेतली. चांगली खपत असतानाच २००५ मध्ये ती बंद करून कंपनीने इनोव्हा आणली. तीही अल्पायुषीच, पण तिचे आयुष्य गरज नीट ओळखून संपवले गेले. तिच्या जागी तेच काम करणारी अधिक चांगली गाडी उभी होती.

जनरल मोटर्सही परत आली. नव्वदीच्या दशकात गुजरातमधील हालोल येथे तिने पुन्हा सुरुवात केली आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना उघडला. तिच्या शेवरोले टवेरा या वॅगनवजा गाडीला टॅक्सीवाल्यांनी पसंती दिली. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही थांबले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. म्हणजे महाराष्ट्रातून ही कंपनी दोनदा गेली. १९५४ मध्ये शिवडीतून गेली ती सरकारच्या अटी नको म्हणून, आणि तळेगावातून गेली ती गिऱ्हाईक पुरेसे नाही म्हणून. पहिल्या वेळी निर्णय आपण घेतला असे आपण म्हणतो आणि दुसऱ्या वेळी बाजाराने घेतला असे म्हणतो. पण दोन्ही वेळा कुलूप लागल्यावर फाटकाबाहेर उभा राहिलेला कामगार एकाच प्रकारचा होता. त्याच्यासाठीही निर्णयाच्या नमुन्यात मोठा रकाना नसतो.

या साऱ्या हकीकतीतून मी स्वतःपुरता एक धडा घेतला आहे. वस्तू बंद करणे हा प्रशासनाचा अधिकार आहे आणि पुष्कळदा ते कर्तव्यही असते. नोमॅड तीन वर्षांत बंद झाली, त्याने कोणाचे बिघडले नाही, कारण तिच्या कामासाठी चार दारांच्या वॅगनी हजर होत्या. चिंचेखालची वॅगन बंद झाली तेव्हा तिच्या कामासाठी दुसरे काहीच हजर नव्हते. दोन बंद होण्यांतील हा फरक ओळखणे म्हणजेच कारभार. योजना गुंडाळताना, कार्यालय हलवताना, बसची फेरी रद्द करताना, शाळा एकत्र करताना हा एकच प्रश्न कागदावर उमटला पाहिजे : याने कोणाचे कोणते काम अडेल, आणि उद्या सकाळी ते कसे होईल? सेवेत असताना पुढे मी हा प्रश्न शक्य तेथे टिपणीच्या शेवटी लिहीत असे. नमुन्यात तो नसल्यामुळे काही वरिष्ठांना तो आगाऊपणा वाटे. असो.

परवा पुन्हा नातवाबरोबर अत्तिबेलेच्या रस्त्यावर उभा होतो. मोटारींचे ट्रक वाहतुकीत अडकले होते. तेवढ्यात भोंगा वाजवत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. कर्नाटकात ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. लांबट टप, मागे उघडणारे दार, आत सपाट जागा. ट्रक कडेला सरकले आणि ती बंगळूरच्या दिशेने निघून गेली.

नातू म्हणाला, "आजोबा, ही पण वॅगनच ना?"

"हो," मी म्हणालो, "तीच."

मामांचे वाक्य मला आठवले. हे वाहन त्यांच्या गावच्या रस्त्यावर यायला चाळीस वर्षे लागली, आणि त्या चाळीस वर्षांतील काही महिने माझ्या सुवाच्य अक्षराचे आहेत.